घरच्या नेटवर्कवर फोल्डर शेअर करणं : दिसत नाही, उघडत नाही, पासवर्ड घेत नाही

प्रश्न थोडक्यात असा : एकाच राउटरवर तीन संगणक आहेत, दोन विंडोज ११ आणि एक विंडोज १०. एकावर फोटो आणि कागदपत्रांचा फोल्डर राइट-क्लिक करून शेअर केला. दुसऱ्या संगणकावर तो दिसतच नाही. तिसऱ्यावर दिसतो, पण नाव-पासवर्ड विचारतो आणि कुठलाच पासवर्ड मान्य करत नाही. मग पासवर्डची अट सरळ बंद करून टाकावी का?

नको. ती बंद केली की येणारा प्रत्येक जण 'गेस्ट', म्हणजे नाव-पासवर्ड नसलेला पाहुणा, म्हणून आत येतो, आणि नव्या विंडोजने हीच वाट अडवली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'प्रो' प्रकारचं विंडोज असलेला संगणक प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागतो. ही सही पासवर्डवरून तयार होणाऱ्या किल्लीने होते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणजे किल्ली नाही, म्हणजे सहीही नाही. त्यामुळे अट काढूनही काम होईलच असं नाही, आणि जिथे होईल तिथे तुमच्या वाय-फायवर आलेल्या कुणालाही फोल्डर मोकळा.

मुळात तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि ते एकत्र धरले की तासन्‌तास जातात. एक्सप्लोररच्या 'नेटवर्क' खिडकीत संगणकांची यादी येते ती डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या यंत्रणेमुळे, यूडीपी पोर्ट ३७०२ वरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार). फाइल प्रत्यक्षात येते-जाते ती एसएमबी या फाइल देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलने (ठरलेल्या पद्धतीने), टीसीपी पोर्ट ४४५ वरून. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. यादीत नसलेला संगणक पत्ता टाकल्यावर सुरळीत उघडतो, आणि यादीत ठळक दिसणारा दारातच अडवतो. म्हणून आधी उघडण्याचं बघा. यादीत दिसणं ही सोय आहे, नसली तरी काही अडत नाही.

खाली 'देणारा' म्हणजे ज्यावर फोल्डर आहे तो संगणक, 'घेणारा' म्हणजे जिथून उघडायचा तो. आज्ञा, नावं आणि पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

देणाऱ्या संगणकाची तयारी

पहिली गोष्ट, नेटवर्कचा प्रकार. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे तुमचं वाय-फाय किंवा इथरनेट, आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय असतात. नवीन वाय-फायला जोडताना विंडोज बहुतेक वेळा पब्लिक धरतं आणि फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी, शेअरिंगची दारं लावून घेतं. प्रायव्हेट करा. राउटर बदलला की हे नेटवर्क विंडोजच्या लेखी नवं ठरतं आणि पुन्हा पब्लिक होऊ शकतं. 'काल चालत होतं, आज नाही' या तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासावं.

मग अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये हे नेटवर्क अँड इंटरनेटच्या आत अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये आहे. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये, डावीकडे. प्रायव्हेट विभागात नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. 'ऑल नेटवर्क्स' विभागात पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालूच राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं : शेअरिंगसाठी वेगळं लोकल खातं. तुमचा पासवर्ड मान्य होत नाही याचं कारण जवळजवळ नक्की इथेच आहे. लोक लॉगिन करताना पिन टाकतात किंवा चेहरा दाखवतात. पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पण त्या संगणकावर कायम पिननेच लॉगिन केलं असेल, तर यंत्राकडे तो पासवर्ड ताडून बघण्याजोगा साठवलेलाच नसतो, आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. खातं पासवर्डविरहित केलेलं असेल तर विषयच संपला. उलट टोक म्हणजे लोकल खातं आहे पण पासवर्ड कोरा. कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज फक्त समोर बसून लॉगिन करू देतं, नेटवर्कवरून नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

या सगळ्या भानगडी एका नव्या खात्याने टळतात. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, अॅड अकाउंट. तिथे ईमेल मागेल; 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाचा दुवा निवडा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याविना यूजर जोडण्याचा. समजा नाव 'घरफाइल' ठेवलं. इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा नाही, पासवर्ड १२-१४ अक्षरांचा. खातं स्टँडर्डच ठेवा, अॅडमिनिस्ट्रेटर करायची काही गरज नाही. याने कधी समोर बसून लॉगिन करायचं नाही; ते फक्त दाराची किल्ली आहे.

फोल्डर कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं. डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपमधला फोल्डर शेअर करू नका. एक तर तो तुमच्या वैयक्तिक प्रोफाइलमध्ये असतो आणि तिथे इतर खात्यांना मुळात प्रवेश नसतो. दुसरं, राइट-क्लिकवरचा सोपा शेअर पर्याय अशा वेळी अनेकदा संपूर्ण 'यूजर्स' फोल्डरच शेअर म्हणून मांडतो आणि तुमचा फोल्डर त्यात तीन पायऱ्या खाली जातो. तिसरं, हे फोल्डर आजकाल वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या ताब्यात असतात. काही फाइल प्रत्यक्ष डिस्कवर नसतातच. डी ड्राइव्हवर, नसेल तर सी च्या मुळाशी, 'कागद' नावाचा नवा फोल्डर करा आणि मजकूर त्यात कॉपी करा. कॉपी म्हणतोय, मूव्ह नाही. एकाच ड्राइव्हवर मूव्ह केलेली फाइल जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते; मग फोल्डर उघडतो पण त्यातल्या नेमक्या काही फाइल 'अॅक्सेस डिनाइड' म्हणतात. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. सगळं नीट पोहोचल्याची खात्री झाली की मूळ प्रत काढा.

फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, अॅडव्हान्स्ड शेअरिंग. 'शेअर धिस फोल्डर'वर टिक, शेअरचं नाव छोटं आणि जागा न सोडता. परमिशन्समध्ये सुरुवातीला 'एव्हरीवन' आणि त्याला फक्त 'रीड' असतं. ते काढा, 'घरफाइल' जोडा, 'चेंज' आणि 'रीड'वर टिक. 'फुल कंट्रोल' देऊ नका. त्याने परवानग्याच बदलता येतात. फक्त बघण्यापुरता फोल्डर असेल तर 'रीड' पुरे.

एवढ्यावर अनेक जण थांबतात, पण कुलूप अजून एक आहे. त्याच प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब. ही एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरची परवानगी. शेअरची परवानगी म्हणजे फाटक आणि एनटीएफएसची म्हणजे खोलीचं दार. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, आणि दोन्हींत जी कडक ती लागू होते. शेअरमध्ये 'चेंज' दिलं पण सिक्युरिटीत 'रीड'च असेल तर फाइल उघडेल, सेव्ह होणार नाही. म्हणून सिक्युरिटी टॅबमध्ये एडिट, अॅड, 'घरफाइल', 'मॉडिफाय'. समोर बसणाऱ्याला मात्र फक्त दुसरं कुलूप लागतं. त्यामुळे 'माझ्याकडे तर उघडतंय' हा पुरावा काही सिद्ध करत नाही.

बाहेरची यूएसबी डिस्क शेअर करत असाल तर दोन गोष्टी. ती एक्सफॅट किंवा फॅट३२ असेल तर सिक्युरिटी टॅब दिसणारच नाही, तिथे फक्त फाटक आहे. आणि शेअर हा ड्राइव्हच्या अक्षराला बांधलेला असतो. डिस्क काढून लावल्यावर ई ची एफ झाली की शेअर हरवला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका.

पत्ता पक्का करा. देणाऱ्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' चालवा. आयपीव्ही४ अॅड्रेससमोर १९२.१६८.१.२० असं काहीतरी येईल. हा पत्ता राउटर देतो आणि बदलूही शकतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) विभागात 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे या संगणकाच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, अॅपलच्या मॅकशी संबंध नाही) हा आयपी बांधून टाका. वाय-फायवर असाल तर विंडोजमधलं 'रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस' या नेटवर्कसाठी बंद ठेवा, नाहीतर मॅक पत्ता बदलतो आणि राउटर यंत्राला ओळखत नाही.

आणि झोप. स्लीपमध्ये गेलेला संगणक नेटवर्कवर नसतोच. पॉवर सेटिंग्जमध्ये, चार्जर लावलेला असताना स्लीप 'नेव्हर'. स्क्रीन बंद झाली तरी चालते. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय व्हावं तेही बदला.

घेणाऱ्या संगणकावर

एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरुवात करून \\१९२.१६८.१.२०\कागद असं लिहा आणि एंटर. नाव-पासवर्डची खिडकी आली की नावाच्या जागी नुसतं 'घरफाइल' न लिहिता 'देणाऱ्या संगणकाचं नाव\घरफाइल' लिहा, म्हणजे कुठल्या यंत्रावरचं खातं याबद्दल गोंधळ राहत नाही. 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर टिक.

खिडकी न येताच 'अॅक्सेस डिनाइड' आलं तर घाबरू नका. विंडोज कुणाला न विचारता आधी तुमच्या चालू लॉगिनचं नाव-पासवर्ड पुढे करतं. दोन्ही संगणकांवर एकाच नावाची, एकाच पासवर्डची खाती असतील तर ते परस्पर आत शिरतं, आणि त्या खात्याला फोल्डरची परवानगी नसली की तिथेच अडतं. अशा वेळी कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, विंडोज क्रेडेन्शियल्सखाली, पत्ता १९२.१६८.१.२०, नाव आणि पासवर्ड आधीच घालून ठेवा. तिथे त्याच यंत्राची जुनी, चुकीची नोंद पडलेली असेल तर ती काढा. पासवर्ड बदलल्यावर जुनी नोंद राहणं ही फार नेहमीची चूक.

एकदा उघडलं की 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'ने त्याला झेड असं अक्षर द्या आणि 'रीकनेक्ट अॅट साइन-इन' चालू ठेवा. संगणक सुरू होताना वाय-फाय जोडलं जाण्याआधीच विंडोज ड्राइव्ह जोडायला बघतं, म्हणून कधीकधी लाल फुली दिसते. डबल-क्लिक केलं की जाते. तो बिघाड नाही. 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेल्या प्रोग्रॅमला हा झेड ड्राइव्ह सहसा दिसत नाही, कारण त्याचं लॉगिन सत्र वेगळं असतं. त्याला ड्राइव्हच्या अक्षराऐवजी पूर्ण पत्ता द्या.

बिघाड शोधायचा तर खिडकी नको, आकडा बघा

एक्सप्लोरर वेगवेगळ्या बिघाडांना तोच 'विंडोज कॅनॉट अॅक्सेस' संदेश दाखवतो. तेच काम कमांड प्रॉम्प्टमधून केलं तर नेमका क्रमांक मिळतो. साधा प्रॉम्प्ट उघडा, अॅडमिनिस्ट्रेटरचा नको, आणि लिहा : नेट यूज \\१९२.१६८.१.२०\कागद * /यूजर:संगणकनाव\घरफाइल. मधल्या तारकेमुळे पासवर्ड वेगळा विचारला जातो आणि पडद्यावर दिसत नाही.

५३ आला तर यंत्रापर्यंत पोहोचताच आलं नाही. संगणक झोपलेला, पत्ता बदललेला, नेटवर्क पब्लिक, किंवा मध्ये फायरवॉल. खिडकीत हाच ०x८००७००३५ म्हणून दिसतो. इथे पासवर्डशी झटापट करणं व्यर्थ आहे, कारण गोष्ट तिथवर गेलेलीच नाही. ६७ म्हणजे यंत्र सापडलं, पण त्या नावाचा शेअर त्यावर नाही, बहुधा स्पेलिंग. देणाऱ्यावर 'नेट शेअर' आज्ञा चालवली की शेअरची खरी नावं दिसतात.

८६ आणि १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. पिन टाकलात का, हे आधी आठवा. १३२७ म्हणजे खात्यावर बंधन आहे. घरगुती वापरात हे जवळजवळ नेहमी कोऱ्या पासवर्डमुळे. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही, तेव्हा पुन्हा त्या दोन टॅबकडे. आकड्यांचा उपयोग हाच की ५ आला म्हणजे नेटवर्क, फायरवॉल आणि पासवर्ड तिन्ही ठीक आहेत.

१२१९ गमतीचा आहे. विंडोज एका यंत्राशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. तुम्ही आधी चुकून स्वतःच्या नावाने जोडले गेला असाल आणि आता 'घरफाइल' म्हणून यायला बघत असाल तर तो नकार देतो. 'नेट यूज * /डिलीट' करून जुन्या जोडण्या तोडा, किंवा लॉगआउट करून परत या. तात्पुरती युक्ती हवी तर एकदा संगणकाच्या नावाने आणि एकदा आयपीने जोडा. विंडोजच्या दृष्टीने ती दोन वेगळी यंत्रं ठरतात.

१२७२ म्हणजे समोरचं यंत्र गेस्ट म्हणून घ्यायला तयार आहे, पण तुमचं विंडोज तसं जायला नकार देतंय. संदेशात 'तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण' वगैरे असतं, आणि घरच्या संगणकावर कुठली संस्था म्हणून लोक चक्रावतात. उपाय देणाऱ्या यंत्रावर खरं खातं करणं. नोंदणीसंपादकात (रजिस्ट्री एडिटरमध्ये) जाऊन गेस्ट चालू करण्याच्या सूचना सर्रास मिळतात. त्या वापरू नका. ३८४ म्हणजे समोरच्याला फक्त एसएमबी१, म्हणजे एसएमबीची जुनी आवृत्ती, येतं, त्याबद्दल पुढे. ७१ म्हणजे जोडण्यांची मर्यादा संपली. घरगुती विंडोजवर ती २० आहे, घरात सहसा लागत नाही.

५३ असताना अडथळा कुठे आहे हे बघायला पिंगवर (यंत्र उत्तर देतं का हे बघणाऱ्या आज्ञेवर) पूर्ण भिस्त ठेवू नका. फायरवॉल पिंग अडवून ४४५ मोकळं ठेवू शकतो आणि उलटही. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५' चालवा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर रस्ता मोकळा. 'फॉल्स' आलं तर देणाऱ्यावरचा बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तपासा, त्याचा स्वतःचा फायरवॉल विंडोजच्या सेटिंगला जुमानत नाही. मग व्हीपीएन, म्हणजे जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे बंद वाटेने नेणारी सोय. अनेक व्हीपीएन चालू असताना घरातल्या यंत्रांशी बोलणंच बंद करतात. त्यांच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कला मुभा देण्याचा पर्याय असतो.

एक नवं कारणही ध्यानात ठेवा. एका संगणकाची डिस्क जशीच्या तशी क्लोन करून दुसरा संगणक तयार केला असेल तर दोघांचा अंतर्गत ओळख क्रमांक, म्हणजे एसआयडी, एकच असतो. वर्षानुवर्षं याने काही बिघडत नव्हतं. ऑगस्ट २०२५ अखेरीपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या अशा जोडीला एकमेकांत लॉगिन करू देत नाहीत. सगळं बरोबर असून पासवर्ड नाकारला जातो. त्यावर खरा उपाय एकच : त्यांपैकी एकावर विंडोज नव्याने बसवणं.

राउटरची गडबड

सगळे एकाच वाय-फायवर आहेत असं वाटतं आणि ते नसतात. गेस्ट वाय-फायवर जोडलेल्या यंत्राला इंटरनेट मिळतं, पण शेजारचं यंत्र दिसू नये हाच त्याचा हेतू. काही राउटरमध्ये मुख्य वाय-फायवरही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असतं. ते बंद करा.

त्याहून फसवी स्थिती दोन राउटरची. इंटरनेट कंपनीने दिलेला एक, आणि त्याच्या मागे रेंजसाठी विकत घेतलेला दुसरा. दोघंही पत्ते वाटतात, एकाचे १९२.१६८.१ ने सुरू होणारे, दुसऱ्याचे १९२.१६८.० ने. आतल्या राउटरवरचं यंत्र बाहेरच्यापर्यंत पोहोचू शकतं, उलट दिशेने नाही.  आयपीकॉन्फिगमध्ये पत्त्याचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे दोन्ही यंत्रांवर वेगळे दिसले की समजा हेच आहे. दुसऱ्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे पत्ते एकच जण वाटेल.

यादीत दिसत नाही, त्याबद्दल

पत्त्याने उघडतंय आणि तरी यादीत दिसायला हवंच असेल, तर सर्व्हिसेसमध्ये देणाऱ्या संगणकावर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ऑटोमॅटिक करून सुरू करा, आणि घेणाऱ्यावर 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' चालू आहे का बघा. मग मिनिट-दोन मिनिटं थांबा.

या बिघाडावर शोधलं की एसएमबी१ चालू करा असा सल्ला हमखास मिळतो. त्यामागे कारण होतं : जुनी यादी बनवणारी सेवा एसएमबी१ वर चालायची. पण याच एसएमबी१ मधल्या छिद्रातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते काढायला सुरुवात केली. ज्या लेखात एसएमबी१ किंवा होमग्रुप दिसेल तो बंद करा. होमग्रुप ही विंडोजची जुनी घरगुती शेअरिंगची सोय तर २०१८ मध्येच काढून टाकली. जुनी नेटवर्क डिस्क किंवा राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क फक्त एसएमबी१ बोलत असेल तर आधी तिच्या फर्मवेअरचं अपडेट शोधा. नसेल तर ती डिस्क एखाद्या संगणकाला लावून तिथून शेअर करा.

मॅक, लिनक्स, फोन

प्रोटोकॉल तोच, म्हणून वेगळं फार नाही. मॅकवरून विंडोजचा फोल्डर उघडायचा तर फाइंडरमध्ये कमांड-के दाबून एसएमबी:// पुढे पत्ता आणि शेअरचं नाव. मॅकवरचा फोल्डर द्यायचा तर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंग. आणि त्याच्या ऑप्शन्समध्ये 'विंडोज फाइल शेअरिंग'खाली त्या खात्यावर टिक करून पासवर्ड द्यायलाच हवा. ही टिक राहिली की विंडोजवरून पासवर्ड कायम चुकीचा ठरतो.

लिनक्सवर सांबा, म्हणजे एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर. तिथली सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो. खातं लिनक्समध्ये असलं तरी 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' पुढे नाव देऊन तो नव्याने घालावा लागतो. फोल्डरवरच्या लिनक्स परवानग्या इथेही दुसरं कुलूप म्हणून लागूच. सेटिंगची फाइल बदलल्यावर 'टेस्टपार्म' चालवून चुका बघा आणि मग सेवा पुन्हा सुरू करा. मराठी फाइलनावं तिन्हीकडे चालतात. पण मॅक-लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा कोलन घातला तर विंडोजला ते नाव मान्य होत नाही.

आयफोनच्या फाइल्स अॅपमध्ये तीन टिंबांखाली 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. अँड्रॉइडवर एसएमबी येणारा कुठलाही फाइल मॅनेजर.

वेग

गिगाबिट केबलवर मोठी फाइल सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइटने जायला हवी. नेमका ११ मेगाबाइटच्या आसपास अडकला असेल तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एखादी तार तुटली किंवा क्रिंप नीट बसला नाही की यंत्रं मुकाट्याने खालच्या वेगावर येतात आणि कुठलाही इशारा देत नाहीत. कॅट५ई केबल घरासाठी पुरेशी आहे, महाग केबलने वेग वाढत नाही.

दोन्ही संगणक वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून. वेग निम्म्याच्या आसपास येतो. निदान देणारा संगणक केबलने राउटरला जोडा. सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही खटपटीपेक्षा हे जास्त उपयोगी. हजारो छोट्या फाइल मात्र केबलवरही रेंगाळतात, कारण प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यासाठी दोन्ही यंत्रांत वेगळी देवाणघेवाण होते. त्या झिप करून एकच फाइल पाठवा, किंवा 'रोबोकॉपी' /एमटी पर्यायासह वापरा. ती एका वेळी अनेक फाइल पाठवते.

चालू झाल्यावर

शेअरमधून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच. घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगा, आणि ज्यांना फक्त बघायचंय त्यांच्यासाठी 'रीड'वालं दुसरं खातं करा. घेणाऱ्या संगणकात रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर ते झेड ड्राइव्हवरच्या, लिहिता येणाऱ्या सगळ्या फाइलही बंदिस्त करतं. शेअर म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअपची डिस्क वेगळी, आणि काम नसताना काढून ठेवलेली.

आउटलुकची पीएसटी फाइल (जिच्यात मेल साठतात ती) शेअरवर ठेवून चालवू नका, मायक्रोसॉफ्ट तशा वापराला पाठिंबा देत नाही आणि ती खराब होते. एकच एक्सेल फाइल दोघांनी उघडली तर दुसऱ्याला 'रीड-ओन्ली' मिळते. कुणी उघडी ठेवून उठून गेलं असेल तर देणाऱ्यावर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सच्या 'ओपन फाइल्स'मध्ये कुणी काय उघडलंय ते दिसतं आणि तिथून बंदही करता येतं. मात्र त्याने सेव्ह न केलेलं काम जातं, तेव्हा आधी हाक मारून विचारा.

घराबाहेरून हा फोल्डर हवा असेल तर राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. राउटरमध्येच व्हीपीएन सर्व्हर असेल तर तो चालू करा आणि बाहेरून आधी त्यात शिरून मग हाच पत्ता वापरा. मात्र विंडोजचा फायरवॉल प्रायव्हेट नेटवर्कवर शेअरिंग फक्त स्वतःच्या सबनेटला, म्हणजे त्याच पत्त्यांच्या गटाला, देतो. व्हीपीएनने तुम्हाला वेगळ्या सबनेटचा पत्ता दिला, तर देणाऱ्याच्या फायरवॉलमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग एसएमबी-इन' या नियमाच्या स्कोपमध्ये तो सबनेटही घालावा लागेल, नाहीतर पुन्हा ५३.